सर्व्हरचा बिगरहंगाम : युनिक्स-लिनक्स प्रणालींची सुरक्षा अद्यतने

गळीत हंगाम आटोपला, की साखर कारखान्यात दुसरा हंगाम सुरू होतो. मिल उघडल्या जातात, रोलर उतरवले जातात, बॉयलरच्या नळ्या एकेक करून तपासल्या जातात. मग मिल रोलरचे पूजन, पुढे बॉयलरचे अग्निप्रदीपन होऊन कारखाना पुन्हा गाळपाला सज्ज होतो. अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, हे चक्र नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले. चालू स्थितीतले यंत्रही मुद्दाम थांबवून उघडावे लागते, हे तेव्हापासून येथील कोणत्याही संचालक मंडळाला पटवून द्यावे लागलेले नाही.

मात्र त्याच कारखान्यात उसाच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या आणि सभासदांची बिले सांभाळणारा संगणक, किंवा शेजारच्या बँकेचा वा पतसंस्थेचा सर्व्हर यांच्या वाट्याला असा बिगरहंगाम सहसा येत नाही. ‘चालू आहे ना, मग हात लावू नका’ या तत्त्वावर तो पाच-पाच, सात-सात वर्षे चालत राहतो. युनिक्स कुळातील कार्यप्रणालींबाबत हे अधिकच घडते, कारण त्या खरोखरच वर्षानुवर्षे न अडता चालतात, आणि त्यांचा हा गुणच त्यांच्या देखभालीच्या मुळावर येतो. या प्रणालींची सुरक्षा अद्यतने म्हणजे नेमके काय, ती कोठून येतात, कोठे अडतात आणि ती लावली नाहीत तर कोणाच्या पैशावर गदा येते, याचा येथे विचार करायचा आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे जनक. तिच्यापासून आयबीएमची एआयएक्स, सन कंपनीची सोलॅरिस आणि बीएसडीच्या शाखा निघाल्या. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा स्वतंत्रपणे लिहिला. तिच्यात युनिक्सची मूळ आज्ञावली नसली, तरी वळण युनिक्सचेच आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांत संगणक आले, ते अनेक ठिकाणी एससीओ युनिक्स घेऊनच. आज त्या जागी रेड हॅट, उबुंटू, डेबियन अशी लिनक्सची निरनिराळी ‘वितरणे’ दिसतात. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. वाचकांच्या खिशातील अँड्रॉइड फोन आणि घरातील वाय-फाय राउटर यांच्याही पोटात बहुधा लिनक्सच असते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

लिनक्सला विषाणू लागत नाही, असा एक समज दोन दशकांपूर्वी दृढ झाला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्यात तथ्याचा अंश होता. घरगुती संगणकांवर विंडोजचे राज्य असल्याने विषाणू लिहिणाऱ्यांचे लक्ष तिकडे होते. पुढे पैसा, पत आणि सरकारी नोंदी सर्व्हरवर गेल्या, तसे लक्ष्यही बदलले. याचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे.

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता आणि बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी अवघ्या काही तासांत जगातील २८ देशांमधील एटीएम यंत्रांतून बनावट व्हिसा कार्डांच्या आधारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही कोल्हापूरसह निरनिराळ्या शहरांतून रुपे कार्डांवर सुमारे अडीच कोटी रुपये उचलण्यात आले. सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्फत आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. एटीएमच्या रांगांत उभे राहून रोकड काढणारी माणसे ही या साखळीतील शेवटची, स्वस्तातली कडी होती. त्यांपैकी ११ जणांना २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले. मूळ सूत्रधारांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखवले.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घातले, की यंत्र ‘या खात्यात एवढे पैसे आहेत का’ असा प्रश्न पाठवते. तो प्रश्न ‘स्विच’ नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य खातेप्रणालीकडे जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. हल्लेखोरांनी या मधल्या टप्प्यावरच ठाण मांडले. बनावट कार्डांकडून आलेले प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचू न देता, परस्पर ‘होय, पैसे द्या’ असे उत्तर पाठवणारा पर्यायी स्विच उभा करण्यात आला. खातेदारांच्या खात्यांना त्यामुळे धक्काही लागला नाही. पैसे गेले ते बँकेचे.

या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने एक सविस्तर इशारा प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिकेतील बँकांचे स्विच याच पद्धतीने ताब्यात घेतले जात असल्याचे त्यात म्हटले होते. इशाऱ्यात कोणत्याही बँकेचे नाव नव्हते. मात्र त्यातील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे : तपासलेले सर्व बाधित स्विच-सर्व्हर एआयएक्स या युनिक्स प्रणालीच्या अशा आवृत्त्यांवर चालत होते, ज्यांच्या पाठबळाची मुदत संपून गेली होती. त्याच इशाऱ्यात पुढे हेही प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे, की एआयएक्समधील एखाद्या छिद्राचाच वापर करून हल्लेखोर आत शिरले, असा पुरावा मिळालेला नाही. म्हणजे शिळी प्रणाली हेच दार होते, असे म्हणता येत नाही. पण ज्या सर्व्हरमधून कोट्यवधी रुपयांचे व्यवहार पार होतात, त्याच्या कार्यप्रणालीची मुदत संपल्याचे कोणाच्या गावीही नसेल, तर तेथील संकेतशब्द, नोंदवह्या, जाळ्याची विभागणी यांची देखरेख कशी होत असेल, याची कल्पना करता येते. एआयएक्स जुनी झाली म्हणून हा प्रकार मागे पडला असेही नाही. याच फास्टकॅशची उबुंटू लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उजेडात आली.

आता छिद्र आणि ठिगळ यांचे शास्त्र पाहू. लाखो ओळींच्या आज्ञावलीत चुका राहणारच. त्यांतील काहींचा फायदा घेऊन परक्याला आत शिरता येते किंवा साध्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी होता येते. असा दोष एखाद्या संशोधकाला सापडला, की तो आधी संबंधित विकासकांना गुपचूप कळवला जातो, दुरुस्ती तयार होते आणि मग ठरल्या दिवशी दोष व दुरुस्ती दोन्ही एकदम जाहीर होतात. प्रत्येक दोषाला ‘सीव्हीई’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिला जातो.

खरा धोका येथून सुरू होतो. दुरुस्ती जाहीर झाली, म्हणजे चोरालाही कळले, की कडी कोठे खिळखिळी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ हा दोष जाहीर झाला. तो ‘बॅश’ या जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावरील आज्ञापटलात सुमारे २५ वर्षे पडून होता, आणि जाहीर झाल्यावर काही तासांतच जगभरच्या सर्व्हरांवर त्याचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२२ मधील ‘पॉनकिट’ या दोषाची कथाही तशीच. २००९ पासून तो मुकाट्याने बसला होता. आपला सर्व्हर एवढी वर्षे सुरक्षित राहिला, हा युक्तिवाद म्हणूनच कुचकामी ठरतो. छिद्र जुने असते, त्याची माहिती मात्र नवी असते; आणि ठिगळ निघाल्यापासून ते आपल्या यंत्रावर लागेपर्यंतचे दिवस हेच मोजायचे असतात.

ठिगळे येतात कोठून? विंडोजवर प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर आपापली अद्यतने आणते. लिनक्स वितरणांची रीत निराळी आहे. कार्यप्रणालीचा गाभा, वेब सर्व्हर, डेटाबेस, छपाईची व्यवस्था असे सारे सामान एकाच मध्यवर्ती भांडारातून येते. भांडारातील प्रत्येक जिन्नसावर वितरणाच्या डिजिटल स्वाक्षरीची मोहर असते आणि ती जुळली नाही, तर यंत्र तो जिन्नस नाकारते. त्यामुळे एकाच आज्ञेत सगळे घर झाडून निघते. ही सोय विंडोजच्या वापरकर्त्याला हेवा वाटावा अशी आहे.

डेबियन, उबुंटू आणि बॉस या कुळात ‘एपीटी’ हे साधन वापरतात. त्यातील ‘अपडेट’ या आज्ञेने फक्त भांडारातील मालाची यादी ताजी होते. माल प्रत्यक्ष येतो तो ‘अपग्रेड’ या आज्ञेने. पहिलीच आज्ञा देऊन ‘अपडेट केले’ असे नोंदवहीत लिहिणारे लोक कमी नाहीत, आणि नावच तसे असल्याने त्यांना फार दोष देता येत नाही. रेड हॅटच्या कुळात ‘डीएनएफ’, पूर्वी ‘यम’, ही साधने आहेत. डेबियन कुळातील ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही व्यवस्था सुरक्षेपुरती ठिगळे दररोज आपोआप लावते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुळातच चालू असते. डीएनएफची स्वयंचलित जोडही तशीच वापरता येते. लहान संस्थेत, जेथे पूर्णवेळ संगणक व्यवस्थापक नाही, तेथे ही व्यवस्था चालू ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या अद्यतनाने काही बिघडण्याची शक्यता असते, हे खरे. पण कोणीच काही न करण्याची शक्यता त्याहून पुष्कळ मोठी असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डेबियन वा रेड हॅट सुरक्षेची दुरुस्ती करताना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देत नाहीत. जुन्याच आवृत्तीत तेवढे ठिगळ शिवून देतात, म्हणजे बाकीचे वर्तन बदलत नाही. परिणामी आवृत्तीचा मुख्य क्रमांक जुनाच राहतो. तपासणीसाला, म्हणजे ऑडिटरला, त्याचे साधन सांगते की ‘ही आवृत्ती असुरक्षित आहे’, आणि मग संस्थेत धावपळ उडते. अशा वेळी मुख्य क्रमांकामागून येणारा वितरणाचा स्वतःचा क्रमांक पाहायचा असतो आणि तो सीव्हीईच्या यादीशी ताडायचा असतो. उलट, तपासणीसाच्या समाधानासाठी भांडाराबाहेरची ‘सर्वांत नवी’ आवृत्ती हाताने बसवली, तर तिला यापुढे आपोआप ठिगळे मिळणार नाहीत. कागदावर सुधारणा होते, प्रत्यक्षात घसरण.

सर्वांत नवे म्हणजे सर्वांत सुरक्षित, हे समीकरण २०२४ च्या मार्चमध्ये पुरते मोडले. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे एक साधे साधन. त्याच्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या कोणीतरी सुमारे दोन वर्षांच्या नेटाने संपादन केला आणि अखेर ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणारी एसएसएच व्यवस्था त्यातून पोखरली जाणार होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. तो धागा ओढत तो मुळाशी पोहोचला आणि २९ मार्चला त्याने प्रकार उघड केला. चोरदरवाजा पोहोचला होता तो डेबियन, फेडोरा यांच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत. डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा रेड हॅट एंटरप्राइज वापरणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही. संस्थेच्या सर्व्हरवर स्थिर आवृत्ती आणि तिची सुरक्षा ठिगळे, एवढेच पथ्य पुरे आहे. नावीन्याची हौस घरच्या संगणकावर भागवावी.

ठिगळ आणले म्हणजे लागले, असेही नाही. चालू कार्यक्रम स्मृतीत जुन्या ग्रंथालयासह भरलेला असतो. डिस्कवर नवी प्रत आली, तरी तो कार्यक्रम पुन्हा सुरू होईपर्यंत जुन्याच प्रतीवर चालतो. गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, ठिगळ तर यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय सहसा अमलात येत नाही. काही कंपन्या चालत्या कर्नलला टाके घालण्याची सोय देतात. पण तीही सर्व दोषांना पुरत नाही. युनिक्स जगतात ‘आमचा सर्व्हर हजार दिवस बंद पडलेला नाही’ हे मोठ्या अभिमानाने सांगण्याची रीत होती. आज तो आकडा ऐकला, की जाणकाराच्या मनात पहिला विचार येतो तो हजार दिवस न लागलेल्या कर्नल-ठिगळांचा.

ग्रामीण भागात काही साध्या अडचणी आहेत, ज्यांची पुस्तकांत फारशी दखल नसते. अद्यतन चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली, तर सामान अर्धवट बसलेल्या अवस्थेत राहते. डेबियन कुळात ‘डीपीकेजी’ला उरलेली जुळणी पूर्ण करण्याची आज्ञा दिली, की बहुधा काम मार्गी लागते, तोवर पुढची सारी अद्यतने अडून बसतात. जुने कर्नल साचून ‘बूट’चा छोटा कप्पा भरतो आणि नवे कर्नल बसेनासे होते, पडद्यावर कोणी पाहत नसेल, तर हे महिनोन्‌महिने कळतही नाही. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली, की यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग भांडारावरील मोहोर ‘भविष्यातली’ दिसते आणि यंत्र ती नाकारते. पन्नास-साठ रुपयांच्या बॅटरीसाठी सुरक्षा खोळंबलेली असते.

हा शेवटचा प्रकार अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना चांगला परिचयाचा असेल. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट अशा ठिकाणी या जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाची मोठी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम प्रात्यक्षिकांसाठी मुक्तस्रोत लिनक्सचीच शिफारस करतो. त्यामुळे शेकडो लिनक्स यंत्रे येथे एका छताखाली असतात. प्रत्येक यंत्राने स्वतंत्रपणे तीच ठिगळे उतरवली, तर जोडणी कोलमडते, म्हणून अनेकदा अद्यतनच बंद केले जाते. यावर सोपा उपाय आहे : एका जुन्या संगणकावर ठिगळांचा स्थानिक साठा ठेवावा, पहिल्या यंत्राने मागितलेला जिन्नस तेथे राहतो आणि बाकीची यंत्रे तो आतल्याआत घेतात. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे. शिवाय ही व्यवस्था उभारणे हाच तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होऊ शकतो. बाहेर गेल्यावर पगार याच कामाचा मिळतो.

भांडारातून न येणारे सॉफ्टवेअर ही सर्वांत नाजूक जागा. संस्थेचा लेखा-कार्यक्रम, संकेतस्थळाची चौकट, विकासकांची साधने ही बहुधा हाताने बसवलेली असतात आणि एपीटी वा डीएनएफ यांना त्यांचा पत्ताही नसतो. ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम यांसारखे व्यवहार त्यामुळे थांबले. १ ऑगस्टला सेवा पूर्ववत होऊ लागली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या ‘जेन्किन्स’ या विकास-साधनाच्या सर्व्हरवर झाली आणि तेथे वापरलेला दोष त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालेला होता. दुरुस्तीही त्याच दिवशी, २४ जानेवारीला, उपलब्ध झाली होती. मधले सहा महिने कोणाच्या हिशेबी धरायचे, हा प्रश्न त्या बँकांच्या खातेदारांनी विचारायला हवा होता. पण आपल्या बँकेचा सर्व्हर कोठे आहे आणि त्याची झाडलोट कोण करते, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

यापुढची पायरी म्हणजे मुदत संपणे. प्रत्येक आवृत्तीला ठिगळे मिळण्याचा काळ ठरलेला असतो; तो संपला, की छिद्रे सापडत राहतात, ठिगळे मात्र थांबतात. फुकट आणि स्थिर म्हणून भारतातील अनेक लहान संस्थांनी आणि सॉफ्टवेअर पुरवठादारांनी ‘सेंटओएस’ची निवड केली होती. तिच्या ८ व्या आवृत्तीची मुदत २०२९ पर्यंत असल्याचे आधी सांगितले गेले. डिसेंबर २०२० मध्ये ती अचानक आवरती घेतली गेली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ती संपलीही. ७ व्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर तिची भांडारे जागेवरून हलली आणि ‘यम’ चालवले, की त्रुटीचा संदेश येऊ लागला. महाजालावर शोधले असता अनेकांना एक तोड सापडली : भांडाराचा पत्ता बदलून जुन्या संग्रहाकडे वळवायचा. संदेश नाहीसा झाला आणि यंत्र पुन्हा ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे सांगू लागले. ते खोटे बोलत नाही. त्या संग्रहात नवे काही येतच नाही. याच सेंटओएसची आणखी एक खोड अशी, की तिच्या भांडारात सुरक्षा-दुरुस्त्यांची वेगळी खूण कधी नव्हतीच. ‘फक्त सुरक्षा ठिगळे लाव’ असे ‘यम’ला सांगितले, तर ते निमूटपणे ‘काही नाही’ म्हणे, आणि व्यवस्थापक निश्चिंत होई.

सेंटओएसवरून रॉकी लिनक्स किंवा अल्मा लिनक्सकडे जाणे हा रुळलेला मार्ग आहे. दोन्हींच्या ९ व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत ठिगळे मिळणार आहेत. उबुंटूच्या २०.०४ या आवृत्तीचा नियमित काळ मे २०२५ मध्ये संपला, २२.०४ चा २०२७ मध्ये आणि २४.०४ चा २०२९ मध्ये संपेल. ‘उबुंटू प्रो’ या योजनेत ही मुदत वाढवून मिळते आणि व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ती विनामूल्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षे पूर्ण पाठबळ आणि त्यापुढे आणखी दोन वर्षे दीर्घ मुदतीचे पाठबळ आहे. सर्व्हर विकत घेताना त्याच्या हमीची तारीख जशी दप्तरी लिहितात, तशीच ही तारीखही लिहावी.

आता कायद्याची बाजू. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेची डिजिटल व्याप्ती आणि देयक प्रणालींशी असलेली तिची जोडणी यांनुसार तिचे टप्पे ठरवले. आपल्याकडे कोणती यंत्रे व सॉफ्टवेअर आहेत याची सूची आणि ठिगळांचे व्यवस्थापन या दोन्ही गोष्टी तीत अंतर्भूत आहेत. यांपैकी पहिली अधिक मोलाची. जी यंत्रे यादीतच नाहीत, त्यांची मुदत कोण पाहणार? मात्र १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात गावोगाव पसरलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची नोंदणी व देखरेख राज्याच्या सहकार खात्याकडे आहे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत मिळणारे ठेव विमा महामंडळाचे कवचही पतसंस्थेच्या ठेवीला नाही. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या हातातील यंत्रापासून कार्यालयातील सर्व्हरपर्यंतची साखळी दुभंगली, तर तोटा कोठे जाऊन थांबणार, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको. या संस्थांनी रिझर्व्ह बँकेची चौकट स्वेच्छेने लागू केली, तर त्यांना कोणी अडवलेले नाही.

संचालकांची नेहमीची सबब पुरवठादाराची असते. लेखा-कार्यक्रम पुरवणारी कंपनी सांगते, ‘अपडेट केले आणि काही बंद पडले, तर आम्ही जबाबदार नाही.’ कंपनीची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचे उत्तर करारात आहे. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण होते, त्या वेळी चार ओळी वाढवून घ्याव्यात : कार्यप्रणालीची सुरक्षा ठिगळे जाहीर झाल्यापासून किती दिवसांत लावली जातील, आधी ती कोणत्या चाचणी-यंत्रावर तपासली जातील, मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी पुढील आवृत्तीवर कार्यक्रम चालवून दाखवण्याची जबाबदारी कोणाची, आणि दर तिमाहीस लावलेल्या ठिगळांची लेखी यादी कोणाकडे दिली जाईल. माहितीची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहणे, हे अद्यतनाच्या आधीचे काम. नुसती प्रत काढलेली असणे पुरेसे नाही, ती उघडते की नाही तेही पाहावे लागते. यासाठी वेळ नाही, असे बँकांना म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा आहे. दुपारी दोन तास सर्व्हर थांबवला, तर काउंटरपुढे कोणी ताटकळत नाही. एटीएम व यूपीआयच्या ग्राहकांना मात्र आधी सूचना द्यावी लागेल.

आणि इतके करूनही कोणी आत शिरलेच, तर? संगणकीय आणीबाणीची दखल घेणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे. प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवलेली असणे, हेही त्यात आहे. लिनक्सवरील नोंदींचे फिरते कप्पे अनेक वितरणांत अवघ्या चार आठवड्यांवर बेतलेले असतात. त्यामुळे सर्व्हर बसवला त्याच दिवशी ही मुदत वाढवावी आणि नोंदींची एक प्रत त्या सर्व्हरबाहेर, वेगळ्या यंत्रावर जाईल अशी व्यवस्था करावी. आत शिरलेला परका सर्वाधिकारी झाला, की सर्वप्रथम याच नोंदी पुसतो.